सुट्टी मेसला असते, मुलांना नाही: सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय: नववी ते बारावीच्या मुलांच्या क्लासच्या वेळा, रविवारच्या टेस्ट आणि जाहीर लावल्या जाणाऱ्या गुणयाद्या यांबाबत

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा सूचना दिल्या. त्यांतली एक थेट आपल्या खुर्चीशी जोडलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती असावी आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणून हे पत्र शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. मुंबईला पाठवलेल्या पत्राची फार तर पोच येते. विजयनगरच्या कचेरीत निदान रिक्षाने जाऊन विचारता तरी येते.

मी विश्रामबागमध्ये मेस चालवते. माझ्याकडे जेवणारी आणि डबा नेणारी बहुतेक मुले अकरावी-बारावीची. काही रिपीटर, म्हणजे बारावी झाल्यावर नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुन्हा वर्षभर बसलेली. अलीकडे दहावीची, क्वचित नववीचीही येऊ लागली आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस इथली मुले, शिवाय सांगोल्याकडची आणि अथणीकडची. तिघाचौघांत एक खोली, कॉट बेसिसवर. मी डॉक्टर नाही आणि शिक्षिकाही नाही. पण पोर काय खाते, किती वाजता खाते आणि ताटात काय टाकून उठते, हे दिवसातून दोनदा बघणारे माणूस या मुलांच्या आयुष्यात फारसे उरलेले नाही. आई गावाकडे, वडील शेतात नाहीतर नोकरीवर, आणि सरांचे तोंड फळ्याकडे.

आधीच सांगून टाकते. माझे पोट याच मुलांवर चालते. क्लास बंद पडावेत असे मला वाटत असेल तर मी वेडीच म्हणायची. या पत्रात मी कुठल्या क्लासचे किंवा शाळेचे नावही घेणार नाही. नाव घेतले की तो एक क्लास आठ दिवस सुधारतो आणि बाकीचे हसतात.

ही मुले सकाळी सहाला उठतात. साडेसहा-सातला पहिला तास. कॉलेजात नाव असते, पण 'इंटिग्रेटेड', म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असल्यामुळे कॉलेज म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या आणि परीक्षेचा फॉर्म. दुपारी दीडला जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी, त्यात येणे-जाणे धरलेले. मग पुन्हा तास, मग डाउट सेशन, मग 'सेल्फ स्टडी' नावाचा प्रकार, ज्यात सेल्फ असे काही नसते, कारण मागे सुपरवायझर उभा असतो. रात्रीचे डबे मी पूर्वी आठला पाठवत असे. आता साडेनऊला पाठवते, कारण आधी पाठवले तर ते खोलीच्या दाराशी गार होऊन पडतात. जेवून परत उद्याचे प्रश्नसंच. एक-दीडला दिवा बंद.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यात स्पष्ट म्हटले आहे की दिवसाला पाच तासांच्या वर क्लास नको, फार पहाटे नको आणि रात्री उशिरा नको. माझ्याकडच्या मुलांचे पाच तास दुपारच्या जेवणाआधीच भरतात. क्लासवाल्यांना विचारले तर ते सांगतात, ही सूत्रे आहेत, कायदा थोडाच आहे. बरोबर आहे त्यांचे. पण मेसमध्ये गॅसच्या टाक्या कुठे ठेवायच्या आणि पाण्याची टाकी कधी धुवायची, हे सांगायला माणूस आला तेव्हा मी त्याच्याशी असा वाद घातला नाही. पोरांच्या जिवाची गोष्ट आहे म्हणून मुकाट्याने केले.

आता रविवार. आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. मटण किंवा पनीर, एक गोड पदार्थ, आणि मग पोरांनी ताणून द्यायची, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जायचे, गणपतीला जायचे, परत येताना भेळ खायची. आयर्विन पुलावर उभे राहून उगाच पाणी बघायचे. मेस घातली तेव्हाची मुले हे सगळे करत होती आणि त्यांतली काही आज डॉक्टर आहेत, मिरजेत त्यांचे दवाखाने आहेत.

आता रविवारी टेस्ट असते. तीन तासांचा पेपर, नीटसारखा १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. मग लगेच त्या पेपरची चर्चा. फीस्टला मुले तीनला येतात. मटण गार, आणि निम्म्यांना भूकच नसते. शनिवारी रात्रीपासून पोटात दुखणारी मुले मला तोंडपाठ आहेत. कुणाला उलटीसारखे होते, कुणाचे डोके धरते, कुणाला जळजळ. एका मुलीला कित्येक महिने पाळी आली नाही. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी केली, सगळे ठीक निघाले, आणि शेवटी त्यांनी विचारले, झोप किती होते बाळ? या वयातली पोरे 'मला ताण आलाय' असे म्हणत नाहीत. ती 'काकू, आज नको' म्हणतात. ताण पोटातून, डोक्यातून, झोपेतून बोलतो.

त्याच मार्गदर्शक सूत्रांत आठवड्याची सुट्टी सक्तीची आहे, आणि पुढे एक वाक्य असे आहे की ते लिहिणाऱ्याचे मला कौतुक वाटले. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. म्हणजे ज्याने हे लिहिले त्याला माहीत होते की सोमवारी पेपर ठेवला तर रविवार गेलाच. सांगलीत आत्ता रविवारी संध्याकाळी सुट्टी फक्त मला असते.

टेस्टपेक्षाही वाईट आहे ती टेस्टनंतरची यादी. संध्याकाळपर्यंत निकाल लागतो, मशीनवर उत्तरपत्रिका तपासायला वेळ लागत नाही. तो निकाल पहिल्यांदा जातो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. क्रमाने सगळ्यांची नावे, सगळ्यांचे गुण. खोल्यांवर मोबाइलला बंदी असल्यामुळे कित्येक मुलांना आपले गुण वडिलांच्या फोनवरून कळतात. म्हणजे आधी आवाज कळतो आणि मग आकडा. त्याच ग्रुपवर गावातल्या आणखी तिघांचे वडील असतात, भावकीतले असतात, शाळेतले मास्तर असतात. सोमवारी सकाळी आटपाडीच्या एसटीत बसलेल्या माणसाला माहीत असते की अमक्याच्या पोराला सांगलीत २१० पडले.

मग बॅच बदलते. वरच्यांची 'स्टार' बॅच, त्यांना अनुभवी सर, एसी खोली. खालच्यांना गेल्या वर्षी पास होऊन गेलेला एखादा इंजिनिअर पोरगा शिकवतो. फी दोघांची सारखीच. स्टारमधून खाली आलेली मुले जेवायच्या वेळा बदलतात, हे मी कित्येकदा पाहिले आहे. आधीच्या मित्रांसोबत येत नाहीत. गर्दी सरल्यावर येतात, भिंतीकडे तोंड करून बसतात, दहा मिनिटांत उठतात. न्यायालयाच्या सूचनांत हे शब्द घालून लिहिले आहे की गुणांवरून बॅच वेगळ्या करू नयेत, चारचौघांत मान खाली घालायला लावू नये आणि मुलाच्या कुवतीपलीकडची लक्ष्ये लादू नयेत. आपल्या राज्य मंडळाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षे झाली. बोर्डाला जे नको वाटले ते गल्लीबोळात दर आठवड्याला चालले आहे.

शाळांनाही यातून सोडू नका. अनुदानित शाळा, इंग्रजी शाळा, सगळीकडे नववीपासून 'हा वर्ग दहावीच्या निकालाचा आहे' म्हणून खेळाचे आणि चित्रकलेचे तास गणिताला दिले जातात. पेपर वाटताना सर्वांत कमी गुणांपासून नावे पुकारायची जुनी खोड काही शिक्षकांची जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. आठवी झाली की पोराचा अपमान करायला जणू मोकळीक मिळते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात या गावात केली म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणवून घेतो, आणि गॅदरिंगच्या नाटकात दहावीच्या मुलांना घेत नाही. स्मृती मानधना माधवनगरची, तिने शतक मारले की चौकात फ्लेक्स लागतो, आणि त्याच चौकातल्या घरात नववीतल्या मुलीची क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते. असो.

पालकांना झोडपणे सोपे आहे, आणि पेपरात असल्या विषयावर जे लिहून येते त्यात तेच असते. पालकांनी अपेक्षा लादू नयेत, मुलांशी संवाद साधावा, वगैरे. मी या पालकांना ओळखते. मुलाला सोडायला येतात तेव्हा ते माझ्या ओट्यावर बसतात. कवठेमहांकाळकडचा एक द्राक्षबागवाला. ऑक्टोबरला छाटणी झाली की त्याचा जीव फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघेपर्यंत टांगणीला लागलेला असतो. मधे एक अवकाळी पाऊस झाला की घड कुजले. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये पोराची बारावीची परीक्षा, आणि त्याच सुमारास क्लासचा शेवटचा हप्ता. तो मला म्हणाला, "काकू, आभाळाकडं बघून जगायचं माझ्यापाशीच थांबू दे." याला लोभी म्हणायचे? याला प्रतिष्ठेचा हव्यास म्हणायचे? जमिनीचे वाटे पडून आता गुंठ्यांवर आले आहेत, दुसरे काही दिसत नाही आणि समोर फ्लेक्सवर पांढरा कोट घातलेला शेजारच्या गावचा पोरगा दिसतो.

पण हेही खरे की त्या पोराला फीचे हप्ते तारखांसह पाठ आहेत. कुठल्या हप्त्याला सोसायटीचे कर्ज काढले, कुठल्याला आईची पाटली गेली. हे त्याला कुणी बोलून दाखवलेले नसते. बोलून दाखवले असते तर तो भांडला तरी असता. न बोललेल्या उपकाराशी भांडता येत नाही, म्हणून तो जेवत नाही.

मुलींचे आणखी वेगळे. मुलगा नापास झाला तर रिपीट करतो. मुलीला वर्ष मिळते ते बहुधा एकच, आणि तेही आईने घरात भांडून मिळवलेले. "यंदा लागला नंबर तर बरं, नाहीतर बघू" या वाक्यातल्या 'बघू'चा अर्थ स्थळ बघू असा आहे, हे तिला माहीत असते. त्यामुळे तिच्यासाठी नीट ही डॉक्टर होण्याची परीक्षा कमी आणि गावाबाहेर राहण्याची जास्त असते. असल्या मुलीला 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणारे लोक मला नवलाचे वाटतात.

जून २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात एका मुलीचा घरातल्या मारहाणीत जीव गेला. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले होते. नाव-गाव लिहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्या आठवड्यात माझ्या मेसमध्ये मुले काहीच बोलत नव्हती. पालक मात्र बोलत होते. एकजण म्हणाला, "एवढं मारायचं नसतं, पण धाक पाहिजेच." मला राहवले नाही. मी विचारले, सराव परीक्षेचे गुण पुढे कुठे लागतात? कुठल्या कॉलेजात, कुठल्या फॉर्मवर? कुठेच लागत नाहीत. सराव चुका करण्यासाठीच असतो. जिथे चुकायला परवानगी आहे तीच जागा आपण सर्वांत भीतीची करून ठेवली.

आणखी एक हिशेब पालकांना कुणी सांगत नाही. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांच्या वर मुले नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा-वीस मुलांमागे एक जागा. फ्लेक्सवर दिसतो तो हा एक. बाकीचे अठरा माझ्याकडे जेवतात. ती मुले आळशी नाहीत आणि ढ तर मुळीच नाहीत. दहावीला नव्वदच्या वर गुण असलेली मुले आहेत. जागाच नसल्या तर ती जाणार कुठे? तुम्ही जागा वाढवू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण अठरा जणांना आपण नालायक ठरलो असे वाटू नये, एवढे तरी या जिल्ह्यात करता येईल.

झोपेबद्दल थोडे. २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायची नाही, त्यांची झोप मोडते. चांगला निर्णय. पण डॉक्टर सांगतात की झोपेचे घड्याळ पुढे सरकते ते वयात येताना. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री लवकर झोपच येत नाही, हा आगाऊपणा नसून शरीराचा धर्म आहे, आणि त्यांना आठ ते दहा तास झोपेची गरज असते. म्हणजे उशिरा सुरू होणाऱ्या सकाळची गरज खरी या मुलांना आहे, आणि त्यांचाच पहिला तास साडेसहाला. शिवाय दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. हे मला माझ्याकडे जेवणाऱ्या एका बायोच्या मुलानेच सांगितले. त्याच्या पुस्तकातच तसे आहे. त्याला विचारले, मग तू किती झोपतोस? तो हसला आणि त्याने आणखी एक चपाती मागितली, ते मला बरे वाटले.

क्लासवाल्यांचा एक मुद्दा आहे आणि तो मी खोटा म्हणणार नाही. ते म्हणतात, आम्ही तास कमी केले तर पालक पोरांना लातूरला नेतील, कोटाला नेतील. काही नेतीलही. पण सगळ्यांना एकच नियम लागला तर निदान सांगली-मिरजेतले क्लास एकमेकांच्या भीतीने तास वाढवत बसणार नाहीत. आत्ता तेच चालले आहे. एकाने साडेसहाची बॅच काढली की दुसरा सहाची काढतो. एकाने रविवारी टेस्ट घेतली की दुसरा गुरुवारीही घेतो. खासगीत बोलले तर यांतले दोन-चार चालक स्वतः म्हणतात की वरून कुणी थांबवले तर बरे होईल. स्वतःहून थांबायची हिंमत कुणाची नाही.

आणि आठवी-नववीच्या 'फाउंडेशन' बॅचचे काय? शंभरफुटी रस्त्यावर त्यांच्या जाहिराती दिव्याच्या खांबांवर टांगलेल्या आहेत. केंद्राच्या सूत्रांप्रमाणे सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलाला कोचिंगमध्ये घ्यायचेच नाही. हे तपासायला समिती नको, महापालिकेचा एक कर्मचारी आणि एक मोबाइल कॅमेरा पुरे.

समुपदेशकाबद्दल न्यायालयाचे म्हणणे स्पष्ट आहे. शंभर किंवा त्याहून जास्त मुले असतील त्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे. एका ठिकाणी फलकावर समुपदेशक म्हणून ज्यांचे नाव आहे, ते टेस्टचे वेळापत्रक ठरवणारे सरच आहेत. माझ्याकडची एक मुलगी म्हणाली, "ज्यांच्यामुळं झोप उडली त्यांनाच जाऊन सांगू व्हय, झोप येत नाही म्हणून?" पंचवीस-तीस संस्थांनी मिळून चार-पाच प्रशिक्षित माणसे नेमली आणि ती कुठल्याच क्लासच्या पगारावर नसली, तर मुले त्यांच्याकडे जातील. आपल्याकडे सिव्हिल आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी महिन्यातून एक संध्याकाळ विश्रामबागला दिली तरी फरक पडेल. जागा लागली तर माझा हॉल संध्याकाळी चार ते सात रिकामा असतो. भाडे नको.

केंद्र सरकारची टेलिमानस नावाची मोफत फोनसेवा आहे, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. न्यायालयाने हा नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावायला सांगितले आहे. मी तो डब्यांच्या झाकणांवर चिकटवला. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, "काकू, हा कुठल्या क्लासचा नंबर?" मी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर दोन-तीन मुलांनी हळूच विचारले की फोन केला तर घरी कळते का. म्हणजे नंबर वाचला जातो. लावला मात्र पाहिजे, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना फोन करायला एक बंद दाराची खोली आणि एक फोन हवा. रेक्टरच्या टेबलावरून असला फोन कुणी करेल का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही, कारणे गुंतलेली असतात, हे मला समजते. पण एक गोष्ट एका डॉक्टरांनी मला सांगितली ती इथे सगळ्या पालकांसाठी लिहिते. पोर गप्प झाले असेल, जेवत नसेल, वस्तू वाटून टाकत असेल, 'मी नसलो तरी चालेल' असे काही बोलत असेल, तर सरळ विचारा की जीव नकोसा वाटतोय का. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून पोर बोलायला लागते. आणि मग त्याला एकटे सोडू नका, उपदेश करू नका, डॉक्टरकडे न्या.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांवर मुलांना विचारले, काळजी कशाची वाटते? ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. म्हणजे दहातल्या आठ मुलांनी. इतक्या मुलांची मने एकाच वेळी कमकुवत कशी असतील? तरी आपल्याकडे उपाय कोणता होतो, तर मुलांना एका हॉलमध्ये बसवून 'तणावमुक्त परीक्षा' या विषयावर व्याख्यान. तेही रविवारी. टेस्ट संपल्यावर. सव्वादोनला व्याख्यान सुरू आणि माझी फीस्ट साडेचारला. कृपा करून आपल्या समितीने आणखी व्याख्याने ठेवू नयेत. ज्या दिवशी मुलांना काहीच करायचे नसेल असा एक दिवस द्या, वक्ता नको.

तर माझे मागणे असे. रविवार पूर्ण मोकळा आणि सोमवारी टेस्ट नाही, एवढे पहिल्यांदा करा, कारण ते तपासायला सर्वांत सोपे आहे. रविवारी सकाळी दहाला आपला माणूस कॉलेज कॉर्नरपासून विश्रामबागपर्यंत मोटारसायकलवर फिरला की क्लासच्या दारातल्या चपला मोजता येतात. त्यासोबत गुण फक्त त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना, वेगवेगळे, आणि ग्रुपवर याद्या बंद. भिंतीवरच्या याद्याही. दिवसाच्या पाच तासांवर क्लासवाले कोर्टात जातील, रडतील, वेळ लागेल. तोवर निदान सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर तास नकोत.

पालकांची सभा घ्याल तर ती सांगलीच्या मोठ्या नाट्यगृहात घेऊ नका. तिथे क्लासचे चालक पहिल्या रांगेत बसतील आणि पालक येणारच नाहीत. तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचा सौदा असतो त्या दिवशी घ्या, जतला आणि आटपाडीला बाजाराच्या दिवशी घ्या. तिथे कुणी भावनिक बोलायची गरज नाही. किती जागा, किती मुले, एमबीबीएस सोडून कुठली दारे उघडी आहेत, नर्सिंग, फार्मसी, कृषी, डिप्लोमा, प्रत्येकाची सरकारी फी किती, पुरवणी परीक्षेने काय वाचते, क्लास मध्येच सोडला तर उरलेली फी परत मागता येते का. सूत्रांत ती दहा दिवसांत, राहिलेल्या काळाच्या हिशेबाने परत द्यावी असे लिहिले आहे, आणि हे माहीत असलेला एकही बाप मला भेटलेला नाही. कित्येक मुले केवळ भरलेल्या फीपोटी तिथे बसून आहेत. आकडे कागदावर छापून द्या. द्राक्षबागवाल्याला हिशेब कळतो, त्याला शिकवावा लागत नाही.

आपल्या समितीची बैठक झाली असेल तर तिचा वृत्तान्त लोकांना वाचायला मिळावा, आणि समितीत एखादा विद्यार्थी असावा. स्टार बॅचमधला नको. खालच्या बॅचमधला घ्या, तो खरे सांगेल.

या पत्राची प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, यांना देत आहे, आणि माझ्या ओळखीच्या क्लासचालकांनाही डब्याबरोबर पाठवत आहे. उत्तर लेखी द्यावे. फोन करायचा झाल्यास दुपारी बारा ते तीन आणि रात्री आठ ते दहा करू नये, डबे भरायची वेळ असते.

आपली,
विश्रामबागमधली एक मेसवाली